चलथाणला उतराल म्हणून

नवागाम, सुरत
जानेवारी १९९७

प्रिय सुशांतचे पप्पा,

सप्रेम जयभीम.

लोटूभाऊजी काल येऊन गेले. तुमचा निरोप त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकला, मग आत येऊन पाणी प्यायले. त्याचं उत्तर मी तोंडी दिलं नाही. तुमचा भाऊ मनाने चांगला आहे, पण गावी पोचेपर्यंत माझ्या बोलण्यातलं त्याने आपल्या सोयीचं तेवढंच ठेवलं असतं. म्हणून स्वतःच लिहिते. सकाळपासून कितीदा तरी लिहायला बसले आणि उठले. भांडी घासली, कपडे वाळत टाकले, ते ओले असतानाच एकदा काढूनही आणले. हल्ली हात रिकामे राहिले की जीव जागेवर राहत नाही.

तुम्ही आज आलात तर तुम्हाला रस्ता सापडणार नाही. रेल्वेच्या रुळापासून दिंडोलीपर्यंत जिथे तुम्ही ऊस पाहिला होता, तिथे आता यंत्रमागांचे शेड आहेत आणि शेडांवर खोल्या. पाया खणायच्या आधीच गल्लीला नाव पडतं. विटांचे ट्रक दिवसभर येत असतात, धूळ ताटात पडते. मागांची खटखट तर भिंतीतून येते, उशीतून येते. सुशांतला तिची इतकी सवय झाली आहे की वीज गेली आणि माग थांबले, की तो दचकून उठतो.

तुमचे बाबा सांगायचे, ते गँगमन म्हणून इथे आले तेव्हा दोन्हीकडे फक्त ऊस आणि पापडीच्या शेंगांची शेतं. गाडी उसात शिरली की दिसेनाशी व्हायची, वर नुसता धूर चालत जायचा. घड्याळ कोणाकडेच नव्हतं, बाया सकाळच्या गाडीच्या शिट्टीवर न्याहारी सोडायच्या. आमच्या गँगने रूळ नीट राखले म्हणून खानदेशची माणसं इथवर पोचली, असं बाबा अभिमानाने म्हणायचे. त्याच रुळांवरून सगळं सुरत पळून जाताना पाहायला ते राहिले नाहीत, ते बरंच झालं.

चौऱ्याण्णवच्या त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आपण दोघं ते कधी बोललोच नाही आणि कोणीतरी एकदा बोलायला हवं. प्लेगची बातमी पसरली, कोणी म्हणे पाण्यात आहे, कोणी म्हणे हवेत. उधना स्टेशनावर गावाकडच्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही म्हणालात, "मी चढून जागा धरतो, तू पोराला खिडकीतून दे." तुम्ही चढलात. मी खिडकीशी पोचले तेव्हा गजांतून परक्यांचे हात बाहेर आले होते, तेही मला मागे ढकलायला. सुशांतला मी डोक्यावर उचलून धरलं होतं. तुम्ही आम्हाला पाहिलंत. गाडी हलली तेव्हाही पाहत होतात. दाराशी पोचायला वेळ होता, उडी मारण्याइतकी ती हळूही होती. आजवर मी सगळ्यांना सांगत आले, गर्दीत आमची चुकामूक झाली. चुकामूक झाली नव्हती.

तरी मला वाटलं, पुढे चलथाण स्टेशनला उतराल. जवळच तर आहे. रुळारुळाने चालत आलात तरी दिवस मावळायच्या आत पोचाल. म्हणून मी फलाटावरून हलले नाही. नंतरच्या गाडीत एका बाईने मला हात दिला होता, तोही धरला नाही. तुम्ही इकडे याल आणि मी तिकडे गेलेली असेन, अशी भीती वाटली. मग पोर भुकेने रडायला लागलं तेव्हा उठले आणि रुळाच्या कडेने घराकडे निघाले. आपली चाळ कुलपांनी भरलेली होती. ज्या गल्लीत शेजारणीशी ओरडून बोलावं लागायचं, तिथे मला माझ्याच चपलांचा आवाज यायला लागला.

रुळाला लागून भेंडीचं शेत होतं ना, त्या रतनबेन मला तिथे दिसल्या. मूळ गावच्या, जमिनीच्या मालकीण. त्यांचे मुलगे-सुनाही पाहुण्यांकडे निघून गेले होते. त्या म्हशीसाठी राहिल्या. म्हणाल्या, "भेंसने गाडीमां कोण लई जाय?" मग माझ्या कडेवरच्या सुशांतकडे बघून म्हणाल्या, "एकली क्यां जवानी? अंदर आव." एकटी कुठे जाशील, एवढंच; कोण, कुठली, जात कोणती, काही विचारलं नाही. मी त्यांच्या घरी राहिले, शेतात खुरपलं, म्हशीचं शेण काढलं, त्यांच्याच ताटात जेवले. दवाखान्याची माणसं तोंडाला फडकी बांधून आली तेव्हा कोणत्या खोलीत कोण आजारी आहे हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर फिरले, गोळ्या वाटल्या. भीती वाटत होती. रोज सुशांतच्या कपाळाला हात लावून बाहेर पडायचे आणि येऊन आधी कपाळालाच हात लावायचे.

साथ ओसरली. सगळे परत आले, माग सुरू झाले. शेजारच्या सखुबाई आल्या, तुमच्या बरोबरीचे कारागीर आले. तुमचा निरोप आला, की सुरतेत आता जीव लागत नाही, तुम्हीच इकडे या. मी खूप विचार केला आणि मला कळलं. तुम्हाला प्लेगची भीती राहिली नव्हती. तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघायची भीती होती. एकदा आला असतात तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग ताट वाढलं असतं. तेवढंच होतं हो.

त्याच दवाखान्यात मला घरोघर जाऊन ताप विचारण्याचं काम मिळालं. भेस्तानपर्यंत चालते. गेल्या वेळी जिथे वाटाणा होता तिथे या वेळी जिना असतो. उडिया, बिहारी, आपली माणसं, सगळी नवी आणि सगळ्यांची एक पिशवी भरलेलीच असते, कधीही निघता यावं म्हणून. ती पिशवी पाहिली की मी जास्त वेळ थांबत नाही.

रतनबेनचं शेत गेल्या वर्षी मुलांनी विकलं. उभ्या वांग्यांवर प्लॉटसाठी चुन्याच्या रेषा मारल्या. नव्या वसाहतीची पाटी लागली तेव्हा त्यांनी मला वाचायला सांगितली. मी वाचलं, रतननगर. त्यांनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. म्हणाल्या, "हुं तो हजी जीवुं छुं." मी तर अजून जिवंत आहे, म्हणे; मेलेल्या माणसाचं नाव द्यावं तसं दिलं ना, म्हणून. आता त्या मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहतात. म्हैस कुठे गेली ते मी विचारलं नाही.

आता तुमच्या निरोपाचं. भाऊजी म्हणाले, तुमचं दुसरं लग्न जमत आलंय, आणि सुशांतला गावी पाठवून द्यावं. लग्नाला माझी ना नाही. समाजाच्या माणसांसमोर रीतसर फारकत घेऊ, मी सही करेन. ही रुळाकडची खोली इतके दिवस धरून ठेवली होती ती तुम्ही आलात तर जुन्या जागी सापडावी म्हणून. आजही गाडीचा वेग कमी झाला की हातातलं काम थांबतं. आता ते नको. महिनाअखेरीला मी ती सोडते आहे, भेस्तानकडे रुळांपासून आत जागा घेतली आहे. तिथे माग ऐकू येतात, गाडी येत नाही. नव्या बाईला घेऊन कधी गर्दीच्या गाडीने निघालात, तर तिला आधी चढवा. आणि सुशांत इथेच राहील. तुमचं नाव त्याला माहीत आहे, वाईट मी काही सांगितलेलं नाही. त्याला भेटायचं असेल तर या, दवाखान्यात उज्ज्वलाबेन कुठे राहते विचारा, कोणीही घर दाखवेल. जेवायला वाढेन. पण त्याला न्यायला येऊ नका.

'तुमचीच' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतीच,

उज्ज्वला