पूर्णविरामाआधीची हरळी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मुद्दाम लिहिलंय, कारण गेले चार दिवस मी अंगणात पालथाच पडलेलो आहे.) तुमची तब्येत ठणठणीत असेलच. दुसऱ्याच्या अंगणाचं वाटोळं करून माणसाला झोप छान लागते म्हणे. वहिनींना नमस्कार सांगा, त्यांचा यात काही दोष नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून सरळ सांगतो. तुमच्या बहिणीनं घरापुढे चार वर्षं जपलेली हिरवळ मेली. लेकीकडे जाताना ती फाटकात उभी राहून एवढंच म्हणाली होती, रोज पाणी घाला आणि दुसरं काही करू नका. ("दुसरं काही" यावर तिनं जो जोर दिला, तो मला तेव्हा अपमान वाटला होता.) येत्या रविवारी ती लेकीला आणि नऊ महिन्यांच्या छकुलीला घेऊन परत येणार. छकुली नुकती रांगायला लागली आहे. नात या हिरवळीवर रांगणार, हे आजीनं ती जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आता तिथे जुन्या पायपुसण्याच्या रंगाचा एक चौकोन आहे. त्यावर रांगायचं कुणी, तुम्ही?

आता तुमचा पराक्रम. हिरवळीत मला काही उपरं दिसत होतं. उभा जन्म मी छापखान्यात मुद्रितं तपासली. नको तिथे काना दिसला तरी माझे हात शिवशिवतात. तरीही मी आपल्या मनानं काही केलं नाही, फोटो काढून तुम्हाला पाठवला, कारण तीस वर्षं शेतीखात्यात काढल्याचं तुम्ही प्रत्येक लग्नात ऐकवता. तुमचा लगेच फोन. "अहो, ही तर हरळी! हिच्याइतकं चिवट तण नाही, वावरच्या वावर गिळते..." मला एवढं पुरे होतं. मी फोन ठेवला, चपला अडकवल्या आणि शेती-औषधांच्या दुकानात गेलो. काय मारायचंय, असं दुकानदारानं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, हरळी. त्यानं नक्की ना, म्हणून दोनदा विचारलं. (त्या परक्या माणसाला माझी काळजी होती, सख्ख्या मेहुण्याला नाही.)

औषध फवारलं आणि आठ दिवसांत सगळं पिवळं पडलं. रोपवाटिकेवाल्याला बोलावलं, तर तो हसून हसून कुंपणाला टेकला. म्हणाला, "काका, तुमचं लॉन हरळीचंच होतं की! शेतात ती तण, अंगणात तीच हिरवळ." खरं तण वेगळंच निघालं. तीन बदामी पानांची आंबुटी, आणि लव्हाळा. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, आणि जमिनीत काळी गाठ असते. ती राहिली की मेला पुन्हा वर येतो. आणि संताप कशाचा, तर हरळी झोपली आणि लव्हाळा ताठ उभा! गवताचं औषध त्याला लागत नाही, कारण तो मुळी गवतच नाही म्हणे. आता मी खुरपं घेऊन एकेक गाठ उकरतो आहे. गुडघे सुजलेत. दर गाठीला तुमची आठवण काढतो, कोणत्या शब्दांत ते वहिनींसमोर लिहवत नाही.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता. क. मंडळी तुमच्या गावावरूनच येणार आहेत. त्यांना तीन आठवडे ठेवून घ्या. पाय मुरगळल्याचं सोंग करा, हवं तर खरंच मुरगळा. एवढं तरी तुम्ही माझं देणं लागता.

ता. क. दुसरा. तुमचा त्या दिवशीचा मेसेज आत्ता वाचला. "फोन मध्येच का ठेवलात? पुढे सांगत होतो, पण लॉनला तीच लावतात, तिला जपा. लव्हाळा तेवढा उपटा." ठीक आहे. पण मुद्दा लांबवायची ही तुमची सवय वाईटच. वरचा मजकूर कायम.

ता. क. तिसरा. दादा, मी लिहितेय. आम्ही आजच आलो. फाटक वाजलं तसे हे पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले, आणि टेबलावर हे पत्र सापडलं. मी उकरून पाहिलं. खाली हरळीची पेरं पांढरीशुभ्र, जिवंत आहेत, महिन्याभरात ती पुन्हा फुटेल. छकुली तोवर व्हरांड्यात रांगेल. पण यांना तू यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. चार वर्षं मी गुडघ्यांवर बसून लव्हाळा काढला, आणि हे खुर्चीतून सांगायचे, तिथे एक राहिला. आता त्या खुर्चीत मी बसणार आहे.