छबूमावशीचा निरोप

लंडन, १० मार्च १९७२

तीर्थरूप आईस, लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. वेळेवर जेवते.

तू विचारतेस, मी इथे करते काय? छबूमावशी उंबऱ्याबाहेरूनच ओरडायची, "आक्का, गिरणी चालू झाली! आत न्हाई येत, लई घाई हाय!" की आपल्या घरात दळणाची धांदल उडायची. इन्सुलिनही तसंच पेशीच्या दारातून सांगतं, साखर आत घ्या. तो निरोप ऐकणारं प्रथिन मी शोधते आहे.

धाकट्या रंगनाथनं लिहिलंय, तू सुई घेत नाहीस. म्हणतेस, "माझी भागू औषध शोधतीय, तीच आनंल."

आई, त्याला कितीतरी वर्षं लागतील गं. तुझ्यात कमी पडतं ते इन्सुलिन त्या सुईतच आहे. उद्यापासून घे. मी येईन तेव्हा पारनेरच्या स्टँडवर मला तू दिसायला हवीस.

तुझीच,
भागू