दातांनी ऐकलेली घागर

१२ नोव्हेंबर
पवनीचे गजाननभाऊ घागर परत घेऊन आले. पोरीच्या आंदणात दिलेली. पाणी भरलं तर बुडातून पाझर. "शेठ, तुम्हीच तर वाजवून दिली होती!" दिली होती. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान त्या एकाच गोष्टीवर उभं. टिचकी मारायची, उजव्या कानाशी धरायची. मी चांगली म्हणतो ती चांगली. बदलून दिली. ते गेल्यावर फुटकी पुन्हा वाजवली. मले तर चांगलीच वाटली. असं कसं?

१५ नोव्हें.
बायको म्हणते, टीव्ही अख्ख्या गल्लीले ऐकू जाऊन राहिला. डावा कान लहानपणीच गालफुगीत गेला, त्याचं काही नाही. पण उजवाही? त्याच्याच जोरावर फेरीवाल्याचा दुकानदार झालो.

१९ नोव्हें.
नागपूर. कानाचे डॉक्टर. दोन दातांचा लोखंडी चिमटा वाजवून कानापुढे धरला. बारीकसा नाद, लगेच गायब. तोच कानामागच्या हाडावर टेकवला तर डोक्यात देवळाची घंटा! म्हटलं, साहेब, कान गेला की आहे? हसले. "नस शाबूत आहे. हवेतून आलेला आवाज आत पोचवणारं बारीक हाड आखडलंय. कवटीतून पाठवला की त्याला दुसरी वाट मिळते." म्हणजे आवाजाले हवा लागतच नाही? ऑपरेशनने बहुतेक सुधारेल. बिघडलं तर हाही जाईल. नाहीतर मशीन. "ठरवून कळवा." ठरवू काय...

२१ नोव्हें.
लाटण्याचं एक टोक दातांत, दुसरं फुटक्या घागरीले. टिचकी. अरे बाप, खरखरली! मग चांगली घेतली. तीही जराशी खरखरली. की लाटणं? की माझी दाढ? बायको दारात: "अवो, पोळ्या संपल्या म्हणून लाटणंच खाऊन राहिले का?" हसलो. पण हवेतला सूर मी ओळखतो, हाडातला नाही. तो कोणाले विचारू?

२४ नोव्हें.
डॉक्टरले फोन लावला, उचलायच्या आत कापला.
दुपारी गजाननभाऊ. धाकटीचंही जमलं. "मागचं सोडा शेठ. तुम्ही म्हणाल ती." टिचकी मारली. कान म्हणे चांगली. त्याच कानाने मागचीही चांगली म्हटली होती. म्हटलं, थांबा भाऊ, पाणी भरून पाहू.
"तुम्ही? पाण्याने?" तोंडाकडे पाहतच राहिले.
भरली. थेंब नाही. भाऊ खूश. पण पाण्याने आजची चीर कळते. उद्या पडणारी कान सांगायचा.
"मग बांधा ना, शेठ."
मी घागर पुसतच राहिलो, कोरडी होऊन गेली तरी...