खालचा कप्पा

प्रिय चिमणे,

दर रविवारी तू फोनवर विचारतेस, बाबा, जेवलास का, आणि मी हो म्हणून फोन ठेवून देतो. बोलायचं खूप असतं, पण तोंड उघडत नाही. म्हणून लिहितोय.

आईला जाऊन पाच महिने झाले. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर आता दुसरंच कोणी बसतं, पण ती ज्यांच्यावर संशोधन करायची त्या परजीवींची देखभाल अजून माझ्याकडेच आहे. तिच्या शोधावर शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून तिचा जुना प्रयोग पुन्हा करून दाखवायचं मी ठरवलं. तीनदा केला, तीनदा तोंडावर आपटलो. नुसता वैताग आलाय.

लहानपणी तिने तुला समजावलं होतं, आठवतं? हा एकपेशीय जीव स्वतःच्या पोटातच दोन पिल्लं घडवतो. पिल्लाचं आवरण कुठून सुरू व्हायचं ती जागा पेशीपटलातलं एक प्रथिन धरून ठेवतं, शिवणातल्या कच्च्या टाक्यासारखं. ते काढलं की पिल्लं वेडीवाकडी होतात, एकमेकांना चिकटून राहतात. हा तिचा शोध. त्यासाठी ती नऊ वर्षं भांडली. इतरांना तसं दिसेना, तर म्हणायची, त्यांचे हात कच्चे आहेत, माझ्याकडे तुझा बाबा आहे.

त्याच बाबाला आता इतरांसारखंच दिसतंय. प्रथिन नाही, तरी पिल्लं छान सुटी. मी सूक्ष्मदर्शकावर चिडलो, बाटल्यांवर चिडलो, तिच्या गिचमिड अक्षरावर चिडलो. अर्ध्यात सोडून गेली म्हणून तिच्यावरही.

मग गेल्या आठवड्यात, पेशी उबेत ठेवायचा इन्क्युबेटर पुसताना दाराच्या रबरावर हात थांबला.

तुझ्या पोहण्याच्या स्पर्धेचा तो रविवार, तिचा मूळ प्रयोग चालू असतानाचा. निघताना आई म्हणाली, एकदा इन्क्युबेटर बघून घे. मी बघितला. रबर फाटलं होतं, खालचा कप्पा गार पडला होता. तापमापक वरच्या कप्प्यात, तिथे सगळं ठीक. खरं सांगितलं असतं तर ती तिथेच थांबली असती आणि तू नेहमीसारखी प्रेक्षकांत तिला शोधत राहिली असतीस. मी फटीत कागदाची घडी खुपसली आणि म्हणालो, काही नाही, चल. तू तिसरी आलीस. ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

रबर बदलायला मी दोन महिने लावले, तेही न सांगता. तोवर तिच्या प्रथिन काढलेल्या पेशी त्याच खालच्या कप्प्यात वाढल्या, तुलनेच्या साध्या पेशी वरच्या. परवा मी साध्या पेशीच खाली ठेवल्या आणि दार मुद्दाम किलकिलं ठेवलं. तीच वाकडी, चिकटलेली पिल्लं दिसली. दोष प्रथिनाचा नव्हता, गारठ्याचा होता.

तिचा शोध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहून ठेवलंय. निष्कर्ष मागे घ्यावा, चूक यंत्र सांभाळणाऱ्याची, संशोधिकेला या चुकीची कल्पना नव्हती. तिच्या लेखावर ती माझं नाव घालू म्हणायची, मी नको म्हणायचो. या पत्रावर तिच्या नावाखाली ते पहिल्यांदाच येईल. सोमवारी पाठवतोय. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, कारण आई आलेली तुझी ती एकच स्पर्धा.

या रविवारी जेवलास का विचारू नकोस. हवं तेवढं रागाव. मी फोन ठेवणार नाही.

तुझाच,
बाबा