फोन नको, जाऊन येतो

बाबा, तुमची नात शिकायला इंग्लंडला चाललीय. हो, त्याच इंग्लंडला, जिथं तुम्ही अमेरिकेत येण्याआधी चार वर्षं डॉक्टरकी केलीत, आणि ज्याचं नाव निघालं की नुसता चहा ढवळत बसायचात.

तुम्ही फोनवर कधी काही ठरवलं नाहीत. इथं अमेरिकेतल्या श्रूजबरीत भाड्याचं घर बघायचं असो की माझी पियानोची शिकवणी, "फोन नको, जाऊन येतो," म्हणत कोट चढवायचात. सोळा वर्षांची असताना मी एकदा वैतागून रिसीव्हर हातात घेतला, दोन मिनिटांत काम उरकलं आणि वर म्हणाले, "स्वतःच्या ॲक्सेंटची एवढी लाज वाटते का हो, बाबा?" तुम्ही गाडीची किल्ली खिळ्याला परत अडकवलीत.

तुम्ही कायमचे गेल्यावर, तिकडे इंग्लंडात तुमच्या शेजारी राहिलेल्या काकूंनी सांगितलं, "अगं, त्यांचं इंग्लिश एकदम फर्स्ट क्लास! फोनवर खोली लगेच मिळायची. दारात उभे राहिले की घरमालक म्हणायचे, आत्ताच गेली." म्हणून इथं तुम्ही आधी चेहरा दाखवायचात होय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तिथलं सगळं जाणून घ्यायचं मला वेडच लागलंय. मध्यंतरी आपल्यासारखा दिसणारा पंतप्रधान झाला. लोकांनी त्याला महागाईवरून शिव्या घातल्या, अगदी इतरांना घालतात तशाच. मला तर तीच मोठी प्रगती वाटली! टीव्हीवरच्या केकच्या स्पर्धेत कुणी वेलची-केशर घालतं आणि परीक्षक मिटक्या मारतात. पण त्याच देशात बाहेरच्यांना हाकला म्हणून मोर्चेही निघतात. यातलं खरं इंग्लंड कुठलं, बाबा? तुम्हाला विचारायला हवं होतं.

काल लेकीचा तिकडच्या घरमालकिणीशी व्हिडिओ कॉल होता. केस ओले म्हणून आमच्या बाईसाहेबांनी कॅमेरा बंद ठेवलेला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आधी कॅमेरा ऑन कर!"

"आई, व्हाय? शी डझन्ट केअर!"

केला एकदाचा. मी हातातलं लाटणं तसंच धरून उभी. पडद्यावरची पांढऱ्या केसांची बाई हसली. म्हणाली, खोली तुझीच, फक्त डाळ केलीस की मलाही वाटीभर दे.

लेक नंतर विचारत राहिली, कॅमेऱ्याचा एवढा हट्ट का? मी म्हटलं, उजेड छान होता. खरं कारण सांगायचं तर मी तुम्हाला काय बोलले होते, तेही सांगावं लागलं असतं. हे पत्र मी जपून ठेवलेल्या तुमच्या कोटाच्या खिशात ठेवतेय. ते तिला सापडेलही, पण तिला मराठी वाचता येत नाही, आणि याचं मला आज पहिल्यांदाच बरं वाटलं.