बोरवाडीच्या मंडळीचं रजिस्टर

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शमू,

येशूच्या नावात तुला आणि तुझ्या घरच्यांना सलाम. मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण बसनं वैजापूरला जाऊन येण्याइतपत चालतात. तुझा सिल्लोडचा पत्ता योगिनीकडून घेतला. आत्याच्या त्या पोरीवर रागावू नकोस, मीच मागं लागले. तिनं फोन नंबरही दिला होता. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवून देशील, म्हणून लिहितेय.

तुला माहीत नसेल, धर्मप्रांतातल्या जुन्या अँग्लिकन चर्चांचा इतिहास छापायचं दोन वर्षांपूर्वी ठरलं. शहरातल्या चर्चांवर लिहायला पुष्कळ जण होते, आपल्या बोरवाडीवर कोणीच नाही. पाळकांची मुलगी, त्यात शाळेतली निवृत्त बाई, म्हणून ते माझ्याकडं आलं. मी मन लावून लिहिलं. नगरहून बैलगाडीनं आलेले मिशनरी साहेब, चिंचेखालची पहिली उपासना, गावानं पाणी बंद केल्यावर आपल्या लोकांनी खणलेली विहीर. बहात्तरच्या दुष्काळानंतर छप्पर कोसळलं तेव्हा पप्पांनी मंडळीला हाताशी धरून पुन्हा भिंती उभ्या केल्या, तेही लिहिलं.

त्या नव्या भिंतींनीच आता घात केलाय. शेजारच्या शेताचे मालक नानासाहेब यांनी दावा लावलाय की चर्च आणि कबरस्तान दोन्ही त्यांच्या जमिनीवर आहे. त्यांचं म्हणणं, चर्चवरच्या दगडावर १९७४ साल आहे, त्याआधी तिथं काही नव्हतंच. आपल्या कबरींवर नावं कुठं आहेत? नुसते दगड रचलेले. आमचे वकील म्हणाले, "जुनं रजिस्टर आणा. १९०९ पासूनचे बाप्तिस्मे आणि दफनं त्यात असतील तर दुसरं काही नको." धर्मप्रांताच्या कचेरीत त्याची नक्कल नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण पप्पांची ट्रंक माझ्याकडं आहे.

मी सांगितलं, वाळवी लागली.

शमू, वाळवी लागली नव्हती. इतिहासासाठी जुन्या पानांचे फोटो हवे होते म्हणून मी ते रजिस्टर काढलं होतं. मागच्या पानांवर मंडळीच्या पंचांच्या बैठकी लिहिलेल्या. त्यात १९९२चं तुझं पान होतं. 'परधर्मीय स्त्रीशी लग्न केल्यामुळे शमुवेल यास प्रभुभोजनातून वगळण्यात येत आहे.' तुझ्या मनकर्णाचं नावसुद्धा नाही, नुसती परधर्मीय स्त्री. हे कोणीतरी वाचेल, छापेल, या विचारानं मी रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खं रजिस्टर बंबात घातलं. एक पान फाडून भागलं असतं. पण फाडलेली जागा दिसली असती, कोणीतरी विचारलं असतं. दाव्याची नोटीस त्यानंतर सहा महिन्यांनी आली.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. मागच्या रविवारी उपासना झाल्यावर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी ओरडलं नाही. खंडेराव सेक्रेटरी टोपी घालून बाहेर निघून गेले. आवडाबाई तुला आठवते ना, चर्चच्या मागं राहणारी? आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं. तिनं शेजारणीला विचारून घेतलं, मग काठी टेकत माझ्याजवळ आली.

"तू जाळलंस व्हय?"

"हो, आवडाबाई."

"माझा सोनाजी व्हता त्याच्यात."

तीच पुढं म्हणाली, "तीन महिन्याचं लेकरू. दुसरीकडं कुठंच त्याचं नाव नव्हतं. मला वाचता येत नाय, पण दरसाली वाचून दाखवायचे, तेव्हा तारीख कळायची. आता कोन सांगंल मला?"

ती रडली नाही. मी तिचे पाय धरायला वाकले तर दोन पावलं मागं सरली.

सहा नोव्हेंबरला वैजापूरच्या कोर्टात तारीख आहे. मी जाळल्याचं लेखी दिलंय, पण वकील म्हणतात त्यानं रजिस्टरात काय होतं ते सिद्ध होत नाही. मी पानं नुसती चाळली होती; ज्यानं ती दरसाली वाचलीत त्यानं शपथेवर सांगायला हवं. दहाव्या वर्षापासून घर सोडेपर्यंत दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात दफनाची यादी तूच वाचायचास. शेवटी शेवटी रजिस्टर मिटून म्हणायचास. तुझ्यानंतर पप्पा वाचायचे, ते गेल्यावर रजिस्टर ट्रंकेतच राहिलं; मंडळीत आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

इथपर्यंत लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. खरं लिहायचं ते अजून राहिलंय.

त्या पानाखाली साक्षीदार म्हणून सही माझी होती. रजिस्टर ऑफिसात लग्न करणार आहेस हे तू एकट्या मला सांगितलं होतंस. पंचांना ते मी सांगितलं. जालन्याच्या त्या मास्तरांशी माझं जमत आलं होतं, आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलं होतं, भावाचं काय चाललंय? मला वाटलं, मंडळीनं तुला बाहेर काढलं की माझ्यावरचा डाग जाईल. जमलं तर नाहीच.

आणि पप्पा ते लिहायला तयार नव्हते, शमू. तुला वाटतं त्यांनी तुझं नाव मंडळीतून काढलं. ते पंचांना म्हणाले, "पोराला नि सुनेला घरी येऊ द्या, मग बघू." मीच हट्टाला पेटले. मी म्हणाले, लिहिलं नाहीत तर विहिरीत उडी टाकीन. त्यांचं अक्षर वाकडं आलं होतं. पुढं बावीस वर्षं त्यांनी तुझी वाट पाहिली, आणि दर वेळी मी सांगत राहिले की तू येणार नाही म्हणतोस. मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तू मातीलाही आला नाहीस. त्याचा दोष तुझ्याकडं नाही.

माझ्यासाठी काही करू नकोस. मला क्षमा करशील असं मागायलाही तोंड नाही. पण दोन तारखेला रविवार आहे. लोक कबरस्तानात जमतील आणि वाचायला काही नसेल. यायला जमलं तर ये, मनकर्णाला घेऊन ये. मी तिथं असू नये असं वाटत असेल तर योगिनीला कळव, मी घरी थांबेन. आणि यायचंच नसेल, तर आवडाबाईच्या सोनाजीची तारीख आठवते का ते बघ. एका कार्डावर तेवढीच लिही आणि थेट तिच्या नावानं पाठव. माझ्या हातात ती देऊ नकोस.

जिनं तुला बापापासून तोडलं ती,
प्रेरणा