खाऊनही अंगी लागेना

४ मे
ओहोटी सकाळीच लागली. गुडघाभर पाण्यात जाळं ओढलं. चपट्या माशांची पिल्लं — नखाएवढी, वाळूच्याच रंगाची. दोन्ही डोळे एकाच बाजूला. जन्मभर वरच बघायचं! लांबी ठीक आहे, वजन मात्र भरत नाही. संशोधन केंद्रातले आमचे सर म्हणाले, "काटा बिघडलाय का बघ." काटा ठणठणीत आहे.

९ मे
दिवसभर पिल्लांची पोटं उघडून बघितली. वाटलं होतं, रिकामी निघतील. तुडुंब भरलेली! पण कशानं? गेल्या वर्षी जाडजूड किडे होते, शिंपल्यांतले कोवळे तुकडे होते. यंदा नुसतं किडुकमिडुक. टरफलच फार, गर नावाला. बंदराचा गाळ उपसून या उथळ पाण्यात ओततात, त्याखाली किडे गाडले गेले. पिल्लं खात राहतात आणि वाळत जातात. यकृतं तर पांढरीफटक.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. शिंपी माणूस, पण माझ्या माशांची चौकशी रोज करतो. मशीन थांबवून ऐकलं. "बिचारी! खाऊनही अंगी लागत नाही," म्हणाला.

१० मे
आजही तेच. डोळे चुरचुरतात.

१७ मे
नणंद राहायला आली. दारातच ओरडली, "वहिनी, दादा किती वाळलाय गं!" मी हसण्यावारी नेलं. जेवतो की चांगला — रोज, माझ्यासमोर. कपडेही कसे अंगाला बेतलेले.

१८ मे
त्याची पँट इस्त्रीला घेतली. उलटी केली तर शिवणीशेजारी जुन्या टाक्यांची भोकं — एक ओळ, तिच्या आत दुसरी, मग तिसरी. शर्टांचंही तेच! स्वतःचे कपडे आत आत घेत होता. मला कळू नये म्हणून. आणि मी दिवसभर माशांची वजनं करते!

"उद्या डॉक्टरकडे," म्हटलं.

१९ मे
डॉक्टरांनी त्याला ओळखलं. "कुठे होतात इतके दिवस? घरच्यांना घेऊन या म्हटलं होतं ना?" स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलाय. ऑपरेशन होणार नाही.

घरी आल्यावर जीव खाऊन भांडले. "मला का नाही सांगितलंस?"

"पिल्लं दोनच महिने उथळ पाण्यात असतात, तूच म्हणालीस. सांगितलं असतं तर जाळं सोडून माझ्या उशाशी बसली असतीस."

"बसलेच असते!"

"म्हणूनच."

२० मे
अबोला. नणंद दोघांना वेगवेगळं वाढते आणि डोळे पुसते.

२७ मे
बंदराच्या लोकांपुढे आमचं काम मांडायचं होतं. जाणार नव्हते. यानंच माझे कपडे काढून ठेवले. "जा. नाहीतर माझं गप्प बसणं फुकट जाईल."

गेले. एक साहेब म्हणाले, "पोटं भरलेली आहेत ना? मग उपासमार कसली?" वजनं दाखवली, यकृतांचे फोटो दाखवले. "भरलेलं पोट दिसतं म्हणून तर बघणारा फसतो," एवढंच बोलले. बाकी सरांनी सांभाळून घेतलं.

शेवटी त्यांनी मान्य केलं — पिल्लं मोठी होऊन खोल पाण्यात जाईपर्यंत उथळ पाण्यात गाळ टाकणार नाहीत!

घरी येऊन सांगितलं, तर हा लहान मुलासारखा हसला. मी नाही हसले. किती दिवस त्यानं एकट्यानं काढले! आणि वेळेवर उपचार झाले असते तर? नाही, हे मी त्याला माफ करणार नाही.

२ जून
डॉक्टरांना एकटीच भेटले. विचारलं — तेव्हाच सांगितलं असतं तर वाचला असता का? ते म्हणाले, "तेव्हाही उशीर झालेलाच होता. त्यांना ते माहीत होतं."

घरी आले. तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता.

हा राग आता कुठे ठेवू?